मस्कत ते सलाला : वाट दाखविणाऱ्या यंत्राची कुळकथा

स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा, असे अध्यक्षीणबाईंनी सांगितले तेव्हा मला हसू आले. सातवी होऊन चूल हाती घेतलेल्या बाईने इतिहास काय लिहावा? परंतु एका लहानशा यंत्राची कुळकथा कैक वर्षे माझ्या मनात घोळत आहे आणि तिचा एक धागा आपल्या मालवणच्या किनाऱ्याशी येऊन पोचतो. तीच भगिनींपुढे मांडते.

सन २०१० च्या ऑगस्टात माझ्या धाकट्या दिरांनी आम्हां उभयतांना मस्कतला बोलाविले. चार दिवस सुटी काढून सलाला दाखवितो, म्हणाले. वाट सुमारे हजार किलोमीटरची. निझवा, अदम, हैमा, थुमरैत अशी गावे सोडली तर बहुतेक सारे वाळवंटच. गाडीच्या पुढच्या काचेला भावोजींनी तळहाताएवढे एक यंत्र चिकटविले. तेच ते जी. पी. एस. आतून एक बाई इंग्रजीत बोले नि पुतण्या मला अर्थ सांगे.

"वयनी, ह्या बायेक सगळे रस्ते पाठ आसत," भावोजी म्हणाले.

सगळे नव्हते. हैमाच्या पुढे एके ठिकाणी नवा रस्ता झाला होता, तो तिच्या नकाशात नव्हता. पडद्यावर आमची गाडी भर वाळूत चाललेली दिसू लागली आणि बाई "मागे वळा, मागे वळा" करू लागली. भावोजींनी तिचा आवाज बंद केला आणि पाट्या वाचीत गाडी हाकली. पण थुमरैत ओलांडून डोंगर उतरू लागलो, तो धुके असे दाटले की पुढची गाडी दिसेना. तेथे मात्र तिचाच आधार झाला. वळण डोळ्यांना दिसण्यापूर्वी पडद्यावर दिसे. खाली उतरलो तर काय, बारीक पाऊस, केळी, माड आणि रस्त्याच्या कडेला शहाळी! मी ह्यांना म्हटले, "अहो, आपण घरीच आलो की काय?"

त्यात नवल नव्हते, हे मला मागाहून कळले. सलाला आणि आपली रत्नागिरी जवळजवळ एकाच अक्षांशावर, सतराव्या अंशावर आहेत. मालवण त्याहून एक अंश खाली. नैर्ऋत्येचा तोच वारा दोहोंकडे पाऊस आणतो. मॉन्सून हा शब्दही अरबांच्या 'मौसिम' वरूनच आला. जुन्या काळी अरबी समुद्रावरचे नाखवे 'कमाल' नावाची लाकडी फळी बाळगीत. तिला गाठी मारलेली दोरी असे. ठराविक गाठ दातांत धरायची, फळीची खालची कड क्षितिजाला टेकवायची आणि वरच्या कडेला ध्रुव येतो का ते पाहायचे. ध्रुवाची उंची म्हणजेच अक्षांश. ती उंची न सोडता पश्चिमेस वा पूर्वेस गेले की हवे ते बंदर गाठता येई. सलालाच्या मुलखातला लोबान याच समुद्रावरून हिंदुस्थानात येत असे.

नव्या यंत्राने ध्रुवाच्या जागी माणसाने सोडलेले तारे घेतले, एवढेच. अमेरिकेच्या लष्कराने यातला पहिला उपग्रह १९७८ साली सोडला. हे उपग्रह सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून अचूक वेळ सांगत फिरतात. वीज चमकल्यावर गडगडाट किती वेळाने आला त्यावरून ढग किती दूर हे आपण ताडतो ना? तसेच यंत्र निदान चार उपग्रहांचे अंतर ताडते आणि आपली जागा काढते. १ सप्टेंबर १९८३ रोजी वाट चुकलेले कोरियाचे प्रवासी विमान रशियनांनी पाडले, २६९ माणसे गेली. त्यानंतर ही सोय सर्व जगाला खुली करण्याचे अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांच्या सरकारने जाहीर केले. तरी सामान्यांना मिळणारी जागा मुद्दाम अंधुक ठेवीत, शंभर मीटरही इकडेतिकडे. ते अंधुकपण मे २००० मध्ये काढले. आपल्या देशानेही २०१३ ते २०१६ या काळात सात उपग्रह सोडले आणि त्या व्यवस्थेचे नाव ठेवले 'नाविक'. नाव मला फार आवडले.

यात एका बाईचा मोठा वाटा आहे, तो आपल्या मंडळात सांगितलाच पाहिजे. ग्लॅडिस वेस्ट ही व्हर्जिनियातील लहानशा शेतकरी कुटुंबातली कृष्णवर्णीय मुलगी, जन्म १९३०. १९५६ पासून नौदलाच्या संस्थेत तिने हिशेबाचे काम केले. पृथ्वी काही लिंबासारखी गुळगुळीत गोल नाही. तिचा खरा आकार ठाऊक असल्याशिवाय जागा बरोबर निघत नाही. तो आकार गणिताने बसविण्यात तिची वर्षे गेली. तिचा जाहीर गौरव झाला २०१८ साली.

आता आमच्या घरची गोष्ट. माझे मामंजी तांडेल. पाण्याखालची खडपे, जिथे मासा बसतो, ती त्यांना खुणांनी ठाऊक. किल्ल्याचा बुरूज आणि मागच्या डोंगराची घळ एका रेषेत, दुसऱ्या अंगाने एखादे झाड नि देवळाचा कळस एका रेषेत. दोन रेषा मिळाल्या की खाली खडप. "दर्यात रस्तो खंयचो गे? खुणो असतत," म्हणायचे. ही घरची दौलत. पुतण्यांनाही सांगत नसत.

ह्यांनी होडीसाठी हातात धरावयाचे यंत्र घेतले होते. सलालाहून आल्यावर धुक्यातली हकीकत ऐकून मामंजी म्हणाले, मला एकदा न्या. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, तेही कारण असेल. दोन हिवाळे ते होडीत उभे राहून "हंय थांब" म्हणत आणि हे बटण दाबीत. तेवीस जागा झाल्या. संध्याकाळी मी त्या मुलीच्या जुन्या वहीत उतरून घेई : नाव, यंत्राचे आकडे आणि पुढे खुणा. ते त्यांना रुचले नव्हते. "लिवलेला कोणय वाचतलो गे!" पण त्यांनी अडविले नाही.

२०१४ साली मामंजी गेले. २०२२ च्या पावसाळ्यात माळ्यावर ठेवलेल्या यंत्रात बॅटरी पाझरली नि आतले सारे पुसले गेले. मग वही निघाली. मी आकडे वाचीत गेले, हे नव्या यंत्रात घालीत गेले. एकवीस जागा बरोबर लागल्या. दोन ठिकाणी मात्र मी वरच्या ओळीतलेच आकडे खाली पुन्हा उतरले होते. एक जागा खुणांवरून सापडली. दुसरीची खूण म्हणून वहीत एक उंच सुरू लिहिलेला आहे. तो मे २०२१ च्या तौक्ते वादळात पडला. ह्यांनी मला शब्दाने बोल लाविला नाही. सुरू नेमका कुठे उभा होता यावर मात्र त्यांचे नि त्यांच्या चुलत भावाचे अजून एकमत होत नाही आणि दर हिवाळ्यात दोघे एकदा तरी ते खडप शोधावयास जातात.