छापील रंगाची कुळकथा



अंधेरी-कुर्ला रस्ता आणि साकीविहार रस्ता जेथें एकमेकांस मिळतात, त्या साकीनाक्याच्या आसपास लहानमोठ्या कारखान्यांचे गाळे दाटीनें वसलेले आहेत. कोठें लेथ चालतो, कोठें कपडे शिवले जातात, तर कोठें लग्नपत्रिका, खोकीं आणि जाहिरातीचे फलक छापले जातात. छपाईच्या गाळ्यांत एक प्रश्न वारंवार उभा राहतो. यंत्र एका कंपनीचें, शाई दुसरीची आणि कागद तिसरीचा, असा संसार मांडला म्हणजे रंग बिघडतो. यंत्राच्या कंपनीची शाई घ्यावी तर ती महाग पडते. बाजारांतील स्वस्त शाई भरावी तर वधूचा लाल शालू विटकरी होतो आणि तिच्या चेहऱ्यावर हिरवट छटा उतरते. हा प्रश्न अगदीं आजचा वाटतो. परंतु मुंबईच्या छपाईचा इतिहास उलगडून पाहिला, तर परक्या शाईशीं आणि परक्या कागदाशीं जुळवून घेण्याची ही खटपट जवळ जवळ दोनशें वर्षांची आहे, असें दिसून येतें. तीच हकीकत आज आपणांपुढें मांडावयाची आहे.

शिळाछापाची कला आलोइस सेनेफेल्डर यानें बव्हेरियांत १७९६ च्या सुमारास शोधून काढली. पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहींत, एवढ्या साध्या तत्त्वावर ती उभी आहे. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर स्निग्ध शाईनें लिहावें, दगड ओला करावा आणि वरून शाईचा रूळ फिरवावा. ओल्या जागीं शाई धरत नाहीं, लिहिलेल्या जागीं तेवढी धरते. मुंबईंत अमेरिकन मिशनच्या छापखान्याचें काम पाहून गणपत कृष्णाजी या उद्योगी गृहस्थांनीं १८३१ सालीं स्वतःचा शिळाछाप सुरू केला. गोविंद नारायण माडगांवकर यांनीं १८६३ सालच्या ‘मुंबईचें वर्णन’ या ग्रंथांत त्यांच्या खटपटीची नोंद केलेली आहे. त्या काळीं छापील पोथीस हात लावावयास सोवळ्यांतील मंडळी कचरत असत. शाईंत चरबी असते, हा त्यांचा आक्षेप. गणपत कृष्णाजींनीं चरबीच्या जागीं तूप घालून शाई सिद्ध केली, असें परंपरेनें सांगितलें जातें. १८४१ सालीं त्यांचें छापील पंचांग निघालें आणि हळूहळू छापील कागद देवघरापर्यंत जाऊन पोंचला. यंत्राबरोबर आलेल्या शाईला नकार देऊन आपल्या घरांत चालेल अशी शाई करावयाची, या हट्टाचा आपल्याकडील हा एक आद्य दाखला होय.

मात्र काळ्या शाईचें एक सुख आहे. ती थोडी फिकी झाली, थोडी दाट झाली, तरी अक्षर वाचतां येतें. रंगाचें तसें नाहीं. एकादशीची तिथि करड्या शाईंत छापली तरी एकादशीच राहते. परंतु लक्ष्मीच्या मुखावरचा रंग जरा ढळला कीं पाहणाराचें मन लगेच कच खातें.

रंगीत चित्रांचें युग महाराष्ट्रांत दोन ठिकाणांहून आलें. १८७८ सालीं पुण्यास विष्णुशास्त्री चिपळूणकर आदि मंडळींनीं चित्रशाळा छापखाना काढला. आणि १८९४ सालीं राजा रविवर्मा यांनीं आपले बंधु राजा राजवर्मा यांच्या साहाय्यानें मुंबईंत रंगीत शिळाछापाचा कारखाना उभारला. हा कारखाना घाटकोपर येथें कांहीं काळ चालला आणि १८९९ सालीं लोणावळ्याजवळील मळवलीस गेला. यंत्रें जर्मनींतून आणलेलीं होतीं आणि तीं चालविणारे तज्ज्ञही जर्मन होते. त्यांपैकीं फ्रिट्झ श्लायशर यांनीं पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं तो छापखाना विकत घेतला. घरोघरीं भिंतींवर लागलेल्या लक्ष्मी आणि सरस्वती यांच्या तसबिरी याच कारखान्यांतून बाहेर पडल्या.

त्या चित्रांचा रंग कसा जुळविला जाई, हें पाहण्यासारखें आहे. रंगीत शिळाछापांत प्रत्येक रंगाला स्वतंत्र दगड लागतो. मूळ तैलचित्र समोर ठेवून कारागीर मनांतल्या मनांत त्याचे रंग सुटे करी. अंगकांतीसाठीं फिका गुलाबी कोठें हवा, त्याखालीं पिवळा किती हवा, सावलींत करडा कोठवर न्यावा, हें ठरवून तो एकेका दगडावर ठिपक्याठिपक्यांनीं उतरवी. एका चित्रास दहा-बारा, प्रसंगीं त्याहूनही अधिक दगड लागत आणि तितक्या वेळां तोच कागद यंत्राखालून जाई. कागद हवेंतील ओल ओढून घेतो आणि फुगतो. पावसाळ्याच्या दिवसांत तो केसभर जरी वाढला, तरी ओठांचा रंग ओठांबाहेर उतरतो. शाईच्या दाटपणाचा, कागदाच्या शोषणाचा आणि ऋतूचा असा तिहेरी हिशेब कारागिराच्या डोळ्यांत आणि हातांत असे. चित्राखालीं नांव रविवर्म्यांचें छापलें जाई. दगडावर ठिपके घालणाऱ्या हातांचीं नांवें कोठेंच छापलीं जात नसत. परिणाम असा कीं, कारागीर गेला म्हणजे त्याचा हिशेबही त्याच्याबरोबर जाई. हा मळवलीचा कारखाना १९७२ सालीं आगींत सांपडला, तेव्हां राख झाली ती केवळ लांकडाची आणि कागदाची नव्हती.

रंग सुटे करण्याचें काम मनुष्याच्या डोळ्याकडून काढून घेणारी युक्ति दरम्यान युरोपांत पुढें आली होती. १८६१ सालीं जेम्स क्लार्क मॅक्सवेल यानें लाल, हिरव्या आणि निळ्या काचांतून एकाच फितीचीं तीन छायाचित्रें घेऊन, तीं एकावर एक पाडून, रंगीत चित्र दाखविलें. याच तत्त्वावर पुढें तीनरंगी ठसे तयार होऊं लागले. आपल्याकडे ही विद्या ज्यांनीं मन लावून संपादन केली, त्यांत धुंडिराज गोविंद फाळके हे प्रमुख होत. रविवर्मा छापखान्यासाठीं त्यांनीं कांहीं काळ काम केलें, नंतर स्वतःचा छापखाना काढला, आणि १९०९ सालीं रंगीत छपाईची नवीन विद्या पाहण्यासाठीं ते जर्मनीस जाऊन आले. १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट दाखविणारे दादासाहेब फाळके ते हेच. ठशांच्या रंगांत मुरलेला डोळा त्यांनीं पुढें पडद्याकडे वळविला.

या सर्व उद्योगाचें एक दुखणें होतें. पहिल्या महायुद्धापूर्वीं जगांतील कृत्रिम रंगांचा फार मोठा भाग एकट्या जर्मनींत तयार होत असे. १९१४ सालीं युद्ध पेटलें आणि तो पुरवठा तुटला. ज्याचा रंग दुसऱ्याच्या हातीं, त्याचा धंदाही दुसऱ्याच्या हातीं, हा धडा कापडगिरण्यांपासून छापखान्यांपर्यंत अनेकांना मिळाला. दुसरी शाई आणतां येई. पण जुन्या शाईशीं ती जुळते कीं नाहीं, हें सांगणारें माप कोठें होतें? “जरासा तांबूस”, “थोडा गहिरा”, एवढीच काय ती भाषा.

तें माप १९३१ सालीं मिळालें. लंडनमध्यें डब्ल्यू. डी. राइट यांनीं दहा आणि टेडिंग्टन येथील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेंत जॉन गिल्ड यांनीं सात माणसांवर प्रयोग केले. एका बाजूस एक रंगीत प्रकाश दाखवावयाचा, दुसऱ्या बाजूस लाल, हिरवा आणि निळा असे तीन प्रकाश कमीजास्त करून तोच रंग त्या माणसाकडून जुळवून घ्यावयाचा, असा तो प्रयोग. हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या रुंदीएवढेंच क्षेत्र त्यांना दिसत असे. या सतरा जणांच्या डोळ्यांची सरासरी काढून आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगानें एक ‘प्रमाण द्रष्टा’ ठरविला आणि रंगाला आंकडे दिले. १९७६ साली त्याच आयोगानें त्या आंकड्यांची अशी मांडणी केली कीं, दोन रंगांमधील अंतर डोळ्याला जेवढें जाणवतें त्याच्या जवळपासचा आंकडा गणितानें काढतां यावा. आज साकीनाक्याच्या गाळ्यांत रंग मोजला जातो, तेव्हां त्या मोजणीच्या मुळाशीं हे सतरा अनामिक डोळेच असतात.

पुढें संगणक आले आणि नवा घोटाळा झाला. प्रत्येक कंपनीचा पडदा आणि प्रत्येक कंपनीचें यंत्र रंगाची आपापली बोली बोलूं लागलें. १९९३ सालीं आठ कंपन्यांनीं एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय रंगसंघ स्थापन केला आणि या सर्व बोलींसाठीं एक सामाईक पद्धति ठरविली. तिलाच ‘कलर प्रोफाइल’ असें म्हणतात. प्रोफाइल म्हणजे एका विशिष्ट जोडणीची जन्मपत्रिकाच म्हणाना! हें यंत्र, ही शाई, हा कागद आणि छपाईची ही मांडणी असतां अमुक इतकी शाई टाकली म्हणजे प्रत्यक्षांत कोणता रंग उमटतो, याचें तें कोष्टक असतें. यंत्राची कंपनी आपल्या यंत्रासोबत जी पत्रिका देते, ती तिच्याच शाईची आणि तिच्याच कागदाची असते. शाई बदलली, किंवा कागद बदलला, कीं ती पत्रिका दुसऱ्याची झाली. आणि दुसऱ्याच्या पत्रिकेवरून आपलें भविष्य पाहिलें तर तें खरें कसें ठरावें?

म्हणून आपल्या जोडणीची पत्रिका आपणच मांडावयाची. रीति समजावयास सोपी आहे. रंगांच्या लहान लहान चौकटींचा एक तक्ता असतो; त्यांत कांहीं शें, तर छापखान्यांच्या एका प्रमाण तक्त्यांत १६१७ चौकटी असतात. संगणकाची सर्व रंगदुरुस्ती बंद ठेवून हा तक्ता आपल्या शाईनें आपल्या कागदावर छापावा. शाई चांगली वाळूं द्यावी, कारण ओल्या शाईचा रंग आणि वाळलेल्या शाईचा रंग एक नसतो. एक दिवस थांबणें शहाणपणाचें. नंतर वर्णपटमापक यंत्रानें प्रत्येक चौकट मोजावी. जो रंग मागितला आणि जो मिळाला, त्या दोहोंमधील तफावत संगणक टिपतो आणि त्यावरून कोष्टक रचतो. पुढील प्रत्येक चित्र त्या कोष्टकांतून गाळून जातें. शाई तांबडेपणाकडे झुकत असेल तर तांबडें तितकें कमी टाकलें जातें. रविवर्मा छापखान्यांतील कारागीर जें डोळ्यानें करी, तेंच येथें आंकड्यांनीं होतें. आणि कारागीर गेला तरी कोष्टक मागें राहतें.

मात्र या पत्रिकेच्या मर्यादाही ध्यानांत ठेवाव्या. जो रंग शाईंत मुळांतच नाहीं, तो कोणतेंही कोष्टक निर्माण करूं शकत नाहीं. स्वस्त शाईचा घाणा बदलला, म्हणजे आजच्या बाटलीचा रंग मागील बाटलीहून निराळा निघाला, तर पत्रिका पुन्हां मांडावी लागते. कित्येक कागदांत अधिक शुभ्र दिसण्यासाठीं एक द्रव्य घातलेलें असतें. उन्हांतील अदृश्य जंबुपार किरण शोषून तें निळसर प्रकाश बाहेर टाकतें. त्यामुळें एकच चित्र खिडकीपाशीं निराळें आणि घरांतील दिव्याखालीं निराळें दिसतें. रंग पारखावा तो नेहमीं एकाच प्रमाण प्रकाशांत. आणि सर्वांत मोठी मर्यादा टिकाऊपणाची! प्रोफाइल आजचा रंग जुळवून देतें. उद्यांचा रंग राखणें शाईच्या आणि कागदाच्या जातीवर अवलंबून असतें. द्रवांत विरघळणाऱ्या रंगाची शाई सामान्यतः लवकर विटते, सूक्ष्म कणांच्या शाईचा रंग अधिक काळ टिकतो. आजोबांचें चित्र भिंतीवर लावावयाचें असेल, तर छापणाऱ्यास हा एक प्रश्न अवश्य विचारावा.

यांत निव्वळ काटकसरीचा विचार नाहीं. यंत्र विकत घेतल्यावर त्यांत कोणाची शाई घालावी, हें ठरविण्याचा अधिकार कोणाचा, असाही प्रश्न आहे. कांहीं कंपन्या शाईच्या कार्ट्रिजवर अशी चिप बसवितात कीं, दुसऱ्याची शाई यंत्र ओळखतें आणि नाकारतें. अमेरिकेंत लेक्समार्क कंपनीनें, वापरलेलीं कार्ट्रिजें पुन्हां भरून विकणाऱ्या एका व्यापाऱ्यावर दावा केला होता. ३० मे २०१७ रोजीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, वस्तु एकदां विकली म्हणजे तिच्यावरील पेटंटचा हक्क संपतो. परंतु कायद्यानें दार उघडलें, तरी आंत जाण्याचे कष्ट ज्याचे त्यानेंच घ्यावयाचे असतात. मोजमापाची शिस्त नसेल, तर स्वस्त शाईनें वाचविलेला पैसा वायां गेलेल्या कागदांत बुडतो.

८ जून २०१४ रोजीं मुंबईची पहिली मेट्रो सुरू झाली. साकीनाक्यास तींत बसलें कीं असल्फा, जागृतिनगर आणि मग घाटकोपर; म्हणजे तिसरें स्थानक. एका टोकाला रविवर्म्यांच्या दगडांनीं एके काळीं मुक्काम केला, दुसऱ्या टोकाजवळ आजचे गाळे आहेत. अंतर कांहीं मिनिटांचें, काळ सव्वाशें वर्षांहून अधिक. दगडांच्या जागीं आंकडे आले. पण यंत्र परदेशांतून आलें तरी त्यांतून उमटणारा रंग आपल्या पसंतीचा असावा, ही इच्छा तुपाची शाई घोटणाऱ्या मुंबईकराची होती, तीच आजही आहे. त्या कारागिरांचीं नांवें आपणांस ठाऊक नाहींत. आज जे हात हें काम करतात, त्यांनीं आपले तक्ते, तारखा आणि शाईच्या बाटल्यांची नोंद जपून ठेवावी, म्हणजे पुढील पिढीला पुन्हां पहिल्या ठिपक्यापासून आरंभ करावा लागणार नाहीं. एवढें सांगून मी आपली रजा घेतों.