हॉटेल निष्ठा योजना

हॉटेल निष्ठा योजना (प्रचलित नाव: लॉयल्टी प्रोग्रॅम) ही ग्राहकाने पुन्हा पुन्हा आपल्याच हॉटेलांत उतरावे यासाठी हॉटेल साखळ्यांनी चालविलेली सदस्यत्व व्यवस्था आहे. सदस्याला मुक्कामाच्या खर्चावर पॉइंट मिळतात आणि साठलेल्या पॉइंटच्या बदल्यात पुढे विनामूल्य रात्र, वरच्या वर्गाची खोली किंवा अन्य सवलत घेता येते. वर्षभरात ठरावीक रात्री पूर्ण करणाऱ्यास वरची श्रेणी दिली जाते. बहुतेक मोठ्या साखळ्यांचे प्राथमिक सदस्यत्व विनामूल्य असते.

प्रवाशास या योजनेचा प्रत्यक्ष लाभ किती होतो, हे तो वर्षातून किती रात्री बाहेर राहतो, बिल कोण भरते आणि तो जातो तेथे त्या साखळीचे हॉटेल आहे की नाही, यांवर अवलंबून असते. महाराष्ट्रात यांपैकी तिसरी बाब बहुधा निर्णायक ठरते. मुंबई, पुणे, नाशिक या शहरांत साखळी हॉटेले आहेत; परंतु नाशिक जिल्ह्यातील घोटीसारख्या महामार्गावरील गावांत आणि तेथून फुटणाऱ्या तीर्थक्षेत्रांच्या व गडकोटांच्या वाटांवर मुक्कामाची व्यवस्था मुख्यतः स्वतंत्र लॉज, भक्तनिवास आणि घरगुती निवास यांच्याकडे आहे.

== इतिहास ==

या योजनांचे मूळ विमान व्यवसायात आहे. अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीने १ मे १९८१ रोजी वारंवार प्रवास करणाऱ्यांसाठी 'ॲडव्हांटेज' ही योजना सुरू केली. १९८३ मध्ये हॉलिडे इन आणि मॅरियट या साखळ्यांनी तीच कल्पना हॉटेलांत आणली. १९८७ मध्ये हिल्टन आणि हयात यांच्या योजना आल्या. स्टारवुड या कंपनीने १९९९ मध्ये आपल्या योजनेत गर्दीच्या दिवसांतही पॉइंटवर खोली देण्याचे धोरण स्वीकारले. तोपर्यंत सणासुदीच्या व सुट्ट्यांच्या काळात पॉइंट वापरण्यास मनाई असे, म्हणजे ज्या दिवशी त्यांची खरी गरज त्याच दिवशी ते निरुपयोगी ठरत.

मॅरियटने २०१६ मध्ये स्टारवुड विकत घेतली, २०१८ मध्ये दोन्ही योजना एकत्र केल्या आणि फेब्रुवारी २०१९ पासून संयुक्त योजनेस 'मॅरियट बॉनव्हॉय' असे नाव दिले.

== कार्यपद्धती ==

पॉइंट सामान्यतः खोलीभाड्याच्या करपूर्व रकमेवर मोजले जातात. मॅरियट बॉनव्हॉय योजनेत बहुतेक हॉटेलांत एका अमेरिकन डॉलरच्या खर्चामागे १० पॉइंट मिळतात. श्रेणीसाठी वर्षात १० रात्री (सिल्व्हर), २५ रात्री (गोल्ड), ५० रात्री (प्लॅटिनम) आणि ७५ रात्री (टायटॅनियम) असे टप्पे आहेत. श्रेणीप्रमाणे जादा पॉइंट, खोली उशिरा सोडण्याची मुभा, उपलब्ध असल्यास वरच्या वर्गाची खोली अशा सोयी मिळतात. यातील 'उपलब्ध असल्यास' ही अट महत्त्वाची असते, कारण भरलेल्या हॉटेलात श्रेणीचा उपयोग मर्यादित राहतो.

खोली साखळीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून, ॲपवरून किंवा थेट हॉटेलात आरक्षित केली तरच पॉइंट मिळतात, हा जवळजवळ सर्व साखळ्यांचा नियम आहे. आरक्षण करून देणाऱ्या त्रयस्थ संकेतस्थळांना हॉटेलांना दलाली द्यावी लागते. ती वाचविणे हा या योजनांचा एक प्रमुख व्यावसायिक हेतू असून सदस्याला मिळणारे पॉइंट त्या वाचलेल्या दलालीचा अंश मानता येतात.

हिशेबाच्या दृष्टीने न वापरलेले पॉइंट हे कंपनीवरील देणे असते. भारतात १ एप्रिल २०१८ पासून लागू झालेल्या 'इंड एएस ११५' या लेखामानकानुसार पॉइंटशी संबंधित उत्पन्न कंपनीला विक्रीच्या वेळी न दाखविता ते वापरले जाईपर्यंत वा बाद होईपर्यंत पुढे ढकलावे लागते. किती पॉइंट कधीच वापरले जाणार नाहीत याचा अंदाज कंपन्या बांधतात. मॅरियट आणि हिल्टन यांच्या योजनांत सलग २४ महिने खात्यावर कोणताही व्यवहार न झाल्यास पॉइंट रद्द होतात. वर्षातून एखाद्या वेळीच बाहेर पडणाऱ्या कुटुंबाचे पॉइंट याच मार्गाने जातात.

== पॉइंटचे मूल्य ==

पॉइंटला बाजारभाव नसतो. त्याच्या बदल्यात जी खोली मिळते तिच्या रोख किमतीवरून त्याचे मूल्य काढावे लागते. उदाहरणार्थ, एका खोलीचे भाडे ८,५०० रुपये आणि डॉलरचा दर ८५ रुपये मानल्यास भाडे १०० डॉलर होते व एका रात्रीचे १,००० पॉइंट मिळतात. १८ टक्के वस्तू व सेवा करासह बिल १०,०३० रुपये होते. हीच खोली १५,००० पॉइंटना मिळत असेल, तर पंधरा रात्रींनंतर एक रात्र विनामूल्य मिळते. एका पॉइंटचे मूल्य सुमारे ६७ पैसे आणि परतावा सुमारे ६.७ टक्के पडतो. तीच रात्र २०,००० पॉइंटना झाली की परतावा ५ टक्क्यांवर येतो.

असा बदल कंपनी पूर्वसूचनेविना करू शकते. पूर्वी प्रत्येक हॉटेलास ठरावीक वर्ग व त्या वर्गास ठरावीक पॉइंट असा तक्ता प्रसिद्ध केला जाई. हिल्टनने तो २०१७ मध्ये आणि मॅरियटने मार्च २०२२ मध्ये सोडून दिला. तेव्हापासून मागणी वाढली की रोख भाड्याबरोबर पॉइंटचा आकडाही चढतो. बारा वर्षांनी येणाऱ्या नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थासारख्या पर्वकाळात साठविलेले पॉइंट स्वस्तात उपयोगी पडतील, ही अपेक्षा अशा पद्धतीत टिकत नाही.

भारतातील प्रवाशास आणखी एक हिशेब करावा लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून दररोज ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्याहून महाग खोलीवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. वरील ८,५०० रुपयांच्या खोलीवर हॉटेलनेच १५ टक्के सूट दिली, तर भाडे ७,२२५ रुपये होऊन कराचा टप्पा बदलतो आणि बिल सुमारे ७,५८६ रुपये होते. एका रात्रीत वाचलेले सुमारे २,४४४ रुपये हे वरच्या उदाहरणातील साडेतीन रात्रींच्या पॉइंटहून अधिक मूल्याचे आहेत. तेव्हा ७,५०० रुपयांच्या आसपासच्या खोलीसाठी पॉइंटपेक्षा थेट दरातील घासाघीस फायद्याची ठरते.

== भारतातील योजना ==

इंडियन हॉटेल्स कंपनीची (ताज समूह) 'ताज इनरसर्कल' ही योजना अनेक वर्षे स्वतंत्र होती. ७ एप्रिल २०२२ रोजी 'टाटा न्यू' हे ॲप सुरू झाल्यावर ती समूहाच्या सामाईक 'न्यूपास' योजनेशी जोडली गेली. तिच्यातील एक 'न्यूकॉइन' एका रुपयाचा धरला जातो आणि तो समूहाच्या अन्य दुकानांतही चालतो. पॉइंटचे मूल्य आधीच कळणे, ही सामान्य ग्राहकाच्या दृष्टीने या पद्धतीची जमेची बाजू आहे. आयटीसी हॉटेल्सची 'क्लब आयटीसी' ही योजना असून मुंबईतील आयटीसी मराठासारखी तिची काही हॉटेले मॅरियटच्या योजनेशीही संलग्न आहेत. कमी दराच्या वर्गात ओयो या कंपनीची 'विझार्ड' ही सशुल्क सदस्यता आहे. तिच्यात ठरावीक हॉटेलांत थेट सवलत मिळते.

ऑगस्ट २०२३ मध्ये एचडीएफसी बँक आणि मॅरियट यांनी संयुक्त क्रेडिट कार्ड आणले. आरंभी त्याचे वार्षिक शुल्क ३,००० रुपये अधिक कर असे होते आणि त्यावर १५,००० पॉइंटपर्यंतची एक रात्र व सिल्व्हर श्रेणी दिली जात होती. वर्षातून एकदा तरी अशा हॉटेलात नक्की उतरणाऱ्यास हे गणित पटण्यासारखे होते. ती रात्र वापरलीच गेली नाही, तर मात्र शुल्क वाया जाते.

दूरध्वनीवरून विकल्या जाणाऱ्या सशुल्क सदस्यता या योजनांहून निराळ्या आहेत. 'क्लब मॅरियट' मुख्यतः उपाहारगृहातील बिलावर सवलत देते आणि ती 'बॉनव्हॉय'पासून वेगळी आहे. क्लब महिंद्रासारखी 'टाइमशेअर' व्यवस्था तर आगाऊ विकत घेतलेला सुट्टीचा हक्क असून तिचा करार दीर्घ मुदतीचा व वार्षिक शुल्कासह असतो.

== घोटी परिसरातील स्थिती ==

घोटी हे इगतपुरी तालुक्यातील भाताच्या बाजारपेठेचे गाव मुंबई-आग्रा महामार्गावर आणि मध्य रेल्वेच्या इगतपुरी-मनमाड मार्गावर वसले आहे. येथून सिन्नरमार्गे शिर्डीकडे, भंडारदरा व कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावाकडे आणि त्र्यंबकेश्वराकडे रस्ते फुटतात. मुंबईहून शिर्डीस पायी जाणाऱ्या अनेक पालख्यांचाही हाच मार्ग आहे. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा अखेरचा टप्पा खुला झाल्याने मुंबईचे अंतर वेळेच्या मापाने आणखी कमी झाले.

महामार्गावरील 'हॉटेल' या पाटीचा अर्थ येथे बहुधा भोजनगृह असा असतो. मुक्कामाची सोय असल्यास 'लॉजिंग' हा शब्द वेगळा लिहिला जातो. साखळी हॉटेले नाशिक शहरात आहेत, जसे अंबड येथील ताज समूहाचे गेटवे किंवा कोर्टयार्ड बाय मॅरियट. घोटीहून नाशिक सुमारे ३५ किलोमीटर आहे. कळसूबाईवर पहाटे चढू इच्छिणाऱ्याने पॉइंटसाठी नाशिकला उतरणे म्हणजे उलट दिशेस जाऊन तेवढेच अंतर पहाटे पुन्हा तोडणे होय. बारीच्या घरगुती निवासात पॉइंट मिळत नाहीत, पण चढाईची वाट दारातून सुरू होते.

तीर्थयात्रेत तर निवासाचा पायाच निराळा आहे. शिर्डीत श्री साईबाबा संस्थानाची आणि त्र्यंबकेश्वरात शेगावच्या गजानन महाराज संस्थानाची भक्तनिवासे माफक दरात खोल्या देतात. इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रात १९७६ पासून चाललेल्या शिबिरांत निवास व भोजन यांचे शुल्क घेतले जात नाही. खर्च जुन्या साधकांच्या दानातून भागतो. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान भंडारदरा येथे धरणाच्या जलाशयाकाठी आहे. या सर्व ठिकाणी पुन्हा येणारा माणूस पॉइंटशिवायच पुन्हा येतो. लहान लॉजवर ओळखीच्या गिऱ्हाइकास मालक गर्दीतही खोली राखून ठेवतो, ही तर निष्ठेची अलिखित योजनाच म्हणावी लागेल.

या पट्ट्यात योजनेचा खरा लाभार्थी वेगळा आहे. अंबड, सातपूर किंवा इगतपुरीजवळील गोंदे येथील कारखान्यांत कामानिमित्त वरचेवर येऊन नाशिकच्या साखळी हॉटेलात राहणारा कंपनीचा कर्मचारी, हा तो लाभार्थी होय.

== कामानिमित्तचा प्रवास आणि हितसंबंध ==

अशा प्रवासात बिल कंपनी भरते आणि पॉइंट मात्र कर्मचाऱ्याच्या नावे जमा होतात. त्यामुळे त्याला पॉइंट अक्षरशः फुकट पडतात. जवळचे स्वस्त हॉटेल सोडून लांबचे महाग हॉटेल निवडण्याचा मोह यातूनच निर्माण होतो, अशी या योजनांवर जुनी टीका आहे. केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या सूचनांनुसार शासकीय विमानप्रवासात मिळालेले मैल-पॉइंट संबंधित विभागाने अन्य शासकीय प्रवासासाठीच वापरावयाचे असून खाजगी वापर शिस्तभंगास पात्र ठरतो. खाजगी कंपन्यांत हा प्रश्न बहुधा कर्मचाऱ्यावरच सोडला जातो.

== माहितीची सुरक्षा ==

विनामूल्य सदस्यत्वाची किंमत ग्राहक आपल्या माहितीच्या रूपाने देतो. नाव, दूरध्वनी, ओळखपत्र, प्रवासाच्या तारखा आणि खर्चाची सवय हे सर्व साखळीच्या नोंदीत जाते. ३० नोव्हेंबर २०१८ रोजी मॅरियटने स्टारवुडच्या आरक्षण नोंदींत अनधिकृत प्रवेश झाल्याचे जाहीर केले. आरंभी बाधित ग्राहकांची संख्या ५० कोटींपर्यंत सांगितली गेली. नंतर नोंदींची कमाल मर्यादा सुमारे ३८.३ कोटी ठरविण्यात आली. त्यांत ५० लाखांहून अधिक पारपत्र क्रमांक सांकेतिक रूपात न बदलता ठेवलेले होते. या प्रकरणी ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये १.८४ कोटी पौंडांचा दंड केला.

पॉइंट स्वतःही चोरले जातात. अनेक सदस्य खाते महिनोन्‌महिने उघडून पाहत नसल्याने चोरी उशिरा लक्षात येते. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाशी झालेल्या समझोत्यात मॅरियटने संशयित व्यवहारांची तपासणी करून चोरीस गेलेले पॉइंट सदस्यास परत करण्याची व्यवस्था ठेवण्याचे मान्य केले.