गाडीचा रंग, बोईसरचा गंज

तर मंडळी, झालं असं की मागच्या महिन्यात आम्ही नवी गाडी बुक केली. घरातली पहिली नवी कोरी गाडी. पालघरच्या शोरूममध्ये मी आणि बाबा गेलो, रंग ठरला, कर्जाच्या कागदांवर सह्या झाल्या, पेढे खाऊन झाले. आता निघायचं म्हणून उठलो तेवढ्यात तिथल्या मुलाने एक चकचकीत पत्रक पुढे सरकवलं. "सर, पेंट प्रोटेक्शन पॅकेज. सिरॅमिक कोटिंग प्लस अंडरबॉडी अँटी-रस्ट. फक्त अठ्ठावीस हजार. तुमचं बोईसर ना सर? मग तर घ्यायलाच पाहिजे. समुद्राची हवा, एमआयडीसीची हवा..."

मी "बघतो" म्हणालो. बाबा मात्र लगेच म्हणाले, "घेऊन टाक रे. मागच्या गाडीचं काय झालं आठवतंय ना?"

आठवतंय की. न आठवून सांगतो कोणाला! मी शाळेत असताना बाबांनी एक सेकंडहँड गाडी घेतली होती. बाबा एमआयडीसीतल्या कंपनीत शिफ्टला जायचे, रविवारी सुट्टी. त्या सुट्टीचा पहिला तास गाडीचा. बादली, शॅम्पू, मऊ फडकं, मग पॉलिश. बॉनेटमध्ये तोंड दिसायचं. सहा पावसाळे गेले आणि एक दिवस गॅरेजवाल्याने ड्रायव्हरच्या पायाखालचा रबरी मॅट उचलला, हातातला स्क्रू ड्रायव्हर जमिनीवर टेकवला आणि तो आरपार गेला. खालचा डांबरी रस्ता दिसत होता! ती गाडी भंगारात गेली तेव्हाही तिचं बॉनेट चमकत होतं. आमच्या भाषेत सांगायचं तर फ्रंटएंड चकाचक, बॅकएंड सडलेला :-)

बाबा त्या दिवशी फारसं बोलले नाहीत. पण "मी नीट ठेवली नाही गाडी" हे त्यांच्या मनात राहिलं असावं. त्यामुळे हा अठ्ठावीस हजारांचा प्रश्न माझ्यासाठी नुसता हिशोबाचा नव्हता. शनिवार-रविवार बसून मी गाडीच्या रंगाचा इतिहासच उकरून काढला. तोच तुमच्यासमोर मांडतो.

गाडीला रंग मुळात का देतात? शोभेसाठी, हे उत्तर अर्धंच आहे. सुरुवातीच्या मोटारी म्हणजे इंजिन लावलेल्या घोडागाड्याच. त्यांचे सांगाडे लाकडी, आणि रंगही बग्गीसारखाच, ब्रशने. तेलाचा रंग आणि व्हार्निश, एकावर एक बरेच हात. प्रत्येक हात वाळायला वेळ, मग घासणे, मग पुढचा हात. एका गाडीचा रंग पुरा व्हायला आठवडे लागायचे. हेन्री फोर्डने १९१३ साली चालती असेंब्ली लाइन सुरू केली तेव्हा रंग हाच मोठा अडथळा झाला. १९१४ ते १९२५ फोर्डची मॉडेल टी फक्त काळ्या रंगात मिळायची, ती याच काळात. डांबरी जातीच्या पदार्थापासून केलेलं ते काळं इनॅमल भट्टीत लवकर वाळायचं, स्वस्त पडायचं आणि टिकायचं.

ही कोंडी फोडली ड्यूपॉन्ट कंपनीच्या 'ड्यूको' लॅकरने. १९२३ मध्ये जनरल मोटर्सने आपल्या ओकलंड गाड्यांवर ते वापरलं, निळ्या रंगात. नायट्रोसेल्युलोजचं हे लॅकर फवाऱ्याने मारायचं आणि आठवड्यांऐवजी तासांत वाळायचं. तिथून गाड्या रंगीत झाल्या. पुढे १९२८ मध्ये याच जनरल मोटर्सने मुंबईत गाड्या जोडायचा कारखाना काढला. मग १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याला गाड्या बनू लागल्या. आपल्या वडिलांच्या पिढीची पद्मिनी तिथलीच.

इथपर्यंतची सगळी प्रगती पाहिलीत तर एक गोष्ट लक्षात येईल. ती वेगाची आणि चमकेची आहे. गंजाची लढाई अजून नीट सुरूच झाली नव्हती. कारण फवारा मारला की रंग बसतो तो दिसणाऱ्या जागी. दाराच्या आतली बाजू, दोन पत्र्यांचा जोड, उंबऱ्याखालची बंद पोकळी, तिथे फवारा पोचतच नाही. आणि गंज नेमका तिथूनच येतो.

ही लढाई पेटली ती अमेरिकेत. थंडीत रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून तिथे मीठ टाकतात. दुसऱ्या महायुद्धानंतर हे प्रमाण खूप वाढलं आणि काही वर्षांतच गाड्यांना भोकं पडायला लागली. मग डेट्रॉइटमध्ये १९५९ साली 'झीबार्ट' नावाचा धंदा सुरू झाला. गाडीला ठिकठिकाणी छिद्रं पाडून आतल्या पोकळ्यांत गंजरोधक द्रव्य फवारायचं. कल्पना बरोबर होती, कारण ती रोगाच्या जागी औषध देत होती. पाहता पाहता गाडी विकणाऱ्यांनी 'अंडरकोटिंग' हा जोडधंदाच करून टाकला. नवी गाडी घेताना शेवटच्या टेबलावर पुढे येणारं पत्रक ते हेच. म्हणजे आमच्या पालघरच्या त्या मुलाची परंपरा तशी जुनी आहे!

मग कारखाने जागे झाले. १९६० च्या दशकात फोर्डने गाडीचा आख्खा सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने रंग चढवायला सुरुवात केली. १९७६ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती आली, जिच्यात गाडीचा सांगाडा ऋण टोकाला जोडतात. वीज वाहते तिथे रंग जातो. जिथे थर बसला तिथे वीज अडते, मग रंग न लागलेल्या कोपऱ्याकडे वळतो. माणसाचा हात जाणार नाही अशा पोकळीतही साधारण २० मायक्रॉनचा थर बसतो आणि नंतर तो भट्टीत पक्का होतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आज जवळपास सगळ्या मोटारी या हौदातून जातात.

दुसरं शस्त्र जस्ताचं. लोखंडावर जस्ताचा लेप देण्याचं पेटंट सोरेल नावाच्या फ्रेंच इंजिनीयरने १८३७ मध्येच घेतलं होतं. जस्ताची खुबी अशी की ओरखडा पडून आतलं लोखंड उघडं पडलं तरी आधी जस्त झिजतं, लोखंड वाचतं. मोठ्या भावाने मार खायचा आणि धाकट्याला वाचवायचं, तसं. १९७० आणि ८० च्या दशकांत मोटारींना असा पत्रा सर्रास वापरायला लागले. गंमत म्हणजे या पत्र्याचं आणि आमच्या गावाचं नातं आहे. जिंदाल समूहाने १९८२ मध्ये तारापूरची पिरामल स्टील ही छोटी पोलाद गिरणी विकत घेतली, आणि आजचं 'जेएसडब्ल्यू' तिथून उभं राहिलं. जस्ताचा लेप दिलेले आणि रंगीत पत्रे आजही तारापूरला बनतात. गंजावरचं औषध आमच्या गल्लीत, आणि आम्ही पत्रक वाचतोय पालघरला!

आता मुद्दा असा. गंजाचं बरंचसं काम कारखान्याने स्वतःकडे घेतलं, तेव्हा शेवटच्या टेबलावरच्या पत्रकाचं काय झालं? ते गेलं नाही. त्यावरचं नाव बदललं. पोकळीत फवारायचं द्रव्य मागे पडलं आणि वरच्या रंगावर लावायचं 'सीलंट' पुढे आलं. आपल्याकडे २००० च्या दशकात 'टेफ्लॉन कोटिंग' आलं, आठवतंय? टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई. ते रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञाला १९३८ मध्ये अपघाताने सापडलं. ते वितळतं ३२७ अंश सेल्सिअसला. तव्यावर ते बसवताना भट्टी त्याच्याही वर तापवावी लागते. तुमची गाडी एवढी तापवली तर रंगच काय, सीटसुद्धा राहणार नाही. मग शोरूमच्या मागच्या शेडमध्ये फडक्याने लावत होते ते काय? पॉलिशच, थोडं महाग. आता टेफ्लॉन जाऊन सिरॅमिक आलंय, त्याच्या मागोमाग ग्राफिन.

सिरॅमिकला अगदीच मोडीत काढत नाही. ते सिलिकायुक्त द्रव्य आहे, रंगाला खरंच चिकटतं, पाणी ठरत नाही, गाडी धुणं सोपं जातं. पण त्याची जाडी एखाददोन मायक्रॉन. कंपनीचा सगळा रंग मिळून साधारण १०० ते १२० मायक्रॉन. त्याने दगडाचा टवका अडत नाही. टवका अडवते ती पीपीएफ नावाची पारदर्शक फिल्म, दीडदोनशे मायक्रॉन जाड. तिचा उगम व्हिएतनाम युद्धाच्या काळातला, हेलिकॉप्टरच्या पात्यांना वाळूपासून वाचवायला. ती खरी ढाल आहे, पण संपूर्ण गाडीला लावायची तर पॅकेजच्या कितीतरी पट पैसे.

बरं, आणि ती एमआयडीसीची हवा? हा मुद्दा मी हसण्यावारी नेला नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर देशातल्या औद्योगिक पट्ट्यांमध्ये पहिलं होतं, ९३.६९ गुणांनी. पहिला नंबर आला आणि पेढे वाटावेसे वाटले नाहीत अशी ही एकच यादी. गाडीच्या रंगावर अशा हवेचा काय परिणाम होतो याचं उत्तर फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला सापडतं. तिथलं बंदर, शेजारचे कारखाने, दमट उष्ण हवा, म्हणजे थेट बोईसरचीच जुळी बहीण. १९९० च्या सुमारास तिथे उतरवलेल्या नव्या गाड्यांच्या रंगावर आम्लाचे डाग कोरले जायला लागले. उत्तर काय निघालं? रंग कंपन्यांनी वरच्या पारदर्शक थराचं रसायनच बदललं, आणि नवा थर आम्लात टिकतो की नाही हे तपासायला नमुने जॅक्सनव्हिललाच ठेवायला लागले. म्हणजे तिथेही खरं काम झालं कारखान्यात. आपल्या हातात उरतं ते एवढंच, की आम्लाचा थेंब उन्हात वाळून घट्ट व्हायच्या आत धुऊन टाकायचा.

आता राहिला समुद्र. मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाचा कण स्वतःच विरघळून थेंब होतो. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने आर्द्रता त्याच्या खाली फारशी येतच नाही. म्हणजे पत्र्याच्या सांध्यात मीठ आणि चिखल बसला की ती जागा वाळतच नाही. बाबांच्या गाडीचं हेच झालं होतं. रबरी मॅटखाली पाणी, दाराखालची पाणी जायची छिद्रं चिखलाने बुजलेली. वरून पॉलिश, खालून समुद्र.

या प्रश्नावर सगळ्यात शहाणं उत्तर मला मिळालं ते सातपाटीला, बाबांच्या ओळखीच्या एका तांडेलकाकांकडे. मी विचारलं, "काका, बोटीला असा काही लेप मिळतो का, की एकदा लावला की पाच वर्षं बघायला नको?" काका हसले. "बाला, असा लेप असता तं आम्ही दर पावसात बोट वर कशाला ओढली असती?"

पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा बोटी किनाऱ्यावर घेतात. बूड खरवडतात, सांधे तपासतात, पुन्हा रंग देतात. पूर्वी आपल्या किनाऱ्यावर लाकडाला मुशीच्या लिव्हरचं तेल आणि काजूच्या टरफलाचं तेल चोपडायचे. द्रव्य बदललं, पण दरवर्षी खालून बघायची रीत बदलली नाही. बोटीचा वरचा भाग दर्यावर जाताना सगळ्यांना दिसतो, पण काका आधी बघतात ते बूड.

थोडक्यात काय तर, पॅकेज घ्यायचं नाही असं मी ठरवलं. अंडरबॉडीचा तो काळा थरही नाही. तो तडकला की त्याच्या मागे पाणी अडकतं आणि वरून दिसतही नाही. खर्च केला तो एकाच ठिकाणी. बोईसर-चिल्हार रस्त्यावर ट्रकच्या मागे रोज जायचं आहे, म्हणून बॉनेटच्या पुढच्या पट्ट्याला तेवढी फिल्म लावली. बाकी पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी खालून पाण्याचा जोरदार फवारा, छिद्रं मोकळी, मॅट वाळत, आणि टवका दिसला की लगेच टच-अप. ज्याची गाडी रोज चिंचणीच्या किनाऱ्यालगत उभी असते त्याने दरवर्षी सांध्यांत मेणासारखं गंजरोधक मारून घ्यावं. ते पैसे वाया जाणार नाहीत. आणि ज्याला नुसती चमक हवी आहे त्याने सिरॅमिक खुशाल घ्यावं, फक्त गंजाच्या नावाने घेऊ नये.

खरा अवघड भाग वेगळाच होता. हे सगळं बाबांना सांगायचं म्हणजे "तुमचं दर रविवारचं पॉलिश फुकट गेलं" असंच सांगणं झालं. मी घाबरत घाबरत हौद, जस्त, मीठ, सगळं समजावलं. बाबांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "म्हणजे मी धुवत होतो ते बरोबर होतं. फक्त चुकीच्या बाजूने धुवत होतो."

गाडी आली त्या रविवारी बाबा बादली घेऊन नाही, पाइप घेऊन बाहेर आले. त्यांचे गुडघे आता वाकत नाहीत, म्हणून मी खाली गोणपाटावर आडवा पडलो आणि ते वरून सांगत होते, "अरे मागच्या चाकाच्या आत मार... तिथेच साचतं." निम्मं पाणी माझ्या तोंडावर. झाल्यावर त्यांनी खिशातून मऊ फडकं काढलं आणि बॉनेट पुसलं. तेवढं चालायचंच.