आर्थिक जागतिकीकरण : अनुकूल आणि प्रतिकूल विचार

वस्तू, भांडवल, तंत्रज्ञान आणि काही प्रमाणात मनुष्यबळ यांनी देशांच्या सीमा ओलांडून कमीत कमी अडथळ्यांनी ये-जा करणे, याला आर्थिक जागतिकीकरण म्हणतात. भारताने या दिशेने निर्णायक पाऊल टाकले ते १९९१ साली. परकीय चलनाची गंगाजळी आटली असताना तत्कालीन अर्थमंत्री डॉ. मनमोहन सिंग यांनी २४ जुलै रोजी मांडलेल्या अर्थसंकल्पाने नव्या धोरणाची दिशा स्पष्ट केली. पुढे १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली आणि शेतमालाचा व्यापारही आंतरराष्ट्रीय कराराच्या कक्षेत आला.

हा विषय दिल्ली आणि जिनिव्हा येथील तज्ज्ञांचा आहे, असे आपल्याला वाटते. परंतु अहमदपूर तालुक्यातील शेतकरी आडतीवर सोयाबीनची पोती उतरवतो, तेव्हा तो जागतिक बाजारातच उभा असतो. मराठवाड्यात एकेकाळी खरिपात ज्वारी आणि कापूस यांना मोठे स्थान होते. गेल्या काही दशकांत त्यांची बरीचशी जागा सोयाबीनने घेतली. सोयाबीनपासून साधारण १८ टक्के तेल निघते. उरते ती मुख्यतः पेंड. तेलाला इंडोनेशिया-मलेशियाच्या पामतेलाशी आणि अर्जेंटिना-ब्राझीलच्या सोयातेलाशी स्पर्धा करावी लागते. पेंड कोंबडीखाद्यासाठी देशात खपते आणि परदेशीही जाते. त्यामुळे लातूरच्या बाजार समितीतील भाव दूरच्या देशांतील पीकपाण्यावरही ठरतो.

अनुकूल विचार

शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी (१९३५–२०१५) यांनी खुल्या व्यापाराचे ठामपणे समर्थन केले. निर्यातबंदी आणि नियंत्रणे लादून सरकारच शेतमालाचे भाव पाडते. शेतकऱ्याला अनुदानापेक्षा बाजाराचे आणि तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य हवे, अशी त्यांची भूमिका होती. दुसरा मुद्दा ग्राहकांचा. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल आयात होते. ही आयात नसती तर मजुराच्या घरातील फोडणी कितीतरी महाग झाली असती. शिवाय माहिती तंत्रज्ञानासारख्या क्षेत्रांत निर्माण झालेल्या रोजगाराचा लाभ मराठवाड्यातून पुण्याला गेलेल्या तरुणांनाही झाला आहे.

प्रतिकूल विचार

विरोधकांचा पहिला आक्षेप असमान स्पर्धेविषयी आहे. भारतात सोयाबीनचे उत्पादन हेक्टरी सुमारे एक टन, तर अमेरिका आणि ब्राझीलमध्ये तीन टनांहून अधिक आहे. अमेरिकन शेतकऱ्याला सरकारी अनुदानाचा आधारही आहे. आपला कोरडवाहू शेतकरी पावसावर विसंबून असतो. दुसरा आक्षेप स्वावलंबनाचा. १९८६ साली सुरू झालेल्या तेलबिया अभियानामुळे नव्वदच्या दशकाच्या प्रारंभी देश खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला होता. १९९४ पासून आयात खुली होत गेली आणि परावलंबन वाढले. तिसरा आक्षेप असा की, भावातील चढउतार सोसण्याची ताकद सर्वांची सारखी नसते.

दार कोणासाठी उघडते?

गेल्या काही वर्षांचा अनुभव या वादाचे मर्म दाखवितो. २०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीनचा भाव क्विंटलला १०,००० रुपयांच्या आसपास पोहोचला. त्याच ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने १२ लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयापेंडीच्या आयातीस परवानगी दिली. ऑक्टोबरमध्ये कच्च्या खाद्यतेलांवरील मूळ आयात शुल्क शून्यावर आले आणि डिसेंबरमध्ये सोयाबीनचे वायदे व्यवहार स्थगित झाले. पुढे भाव कोसळले. सप्टेंबर २०२४ मध्ये हे मूळ शुल्क २० टक्के करण्यात आले. मे २०२५ अखेर ते पुन्हा १० टक्क्यांवर आणले गेले. २०२४-२५ साठी ४,८९२ रुपये हमीभाव जाहीर असतानाही त्या हंगामात बहुतेक बाजारांत त्याहून कमी भाव मिळाला.

म्हणजेच भाव चढला की आयातीचे दार उघडते आणि भाव पडला की शेतकरी एकटा पडतो. हा पूर्ण मुक्त व्यापार नव्हे आणि संरक्षणही नव्हे. तेलाच्या महागाईची झळ गरिबाला बसते, हे सरकारचे म्हणणे खोटे नाही. परंतु तिच्या निवारणाचा भार पेरणी करून बसलेल्या कोरडवाहू शेतकऱ्यावर टाकणे न्याय्य म्हणता येणार नाही. पेरणीपूर्वी जाहीर झालेले धोरण निदान हंगामभर तरी टिकावे, ही अपेक्षा दोन्ही पक्षांना मान्य होण्यासारखी आहे.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००१ साली म्हटले होते की, जागतिकीकरण मुळातच चांगले किंवा वाईट नसते; माणसे त्याला जसे घडवतील तसे ते होईल. हे घडवणे आपल्या पातळीवरही शक्य आहे. हमीभाव खरेदी केंद्रावर वेळेत नोंदणी करणे, घाईने माल न विकता बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेचा लाभ घेणे आणि शेतकरी उत्पादक कंपनीद्वारे एकत्रित विक्री करणे, हे मार्ग उपलब्ध आहेत. जागतिक बाजार आपल्याला टाळता येणार नाही; मात्र त्यात एकट्याने उभे राहायचे की संघटितपणे, हे आपल्या हाती आहे.