पेव फुटण्याआधीचं पेव

"लातुरात कोचिंग क्लासेसचं पेव फुटलंय" हे वाक्य तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. पण हे फुटणारं पेव म्हणजे नेमकं काय, असं ऑफिसातल्या मराठी पोरांना विचारलं तर निम्म्यांना सांगता आलं नाही. पेव म्हणजे धान्य साठवायचं जमिनीखालचं कोठार. आज त्याच्याबद्दल बोलू. पण आधी ज्याच्यामुळे एवढा खटाटोप करावा लागला, त्या किड्याकडे बघू.

घरची तूर घरात आणल्यावर किडते, असं आपण म्हणतो. खरं तर कीड शेतातूनच सोबत येते. भुंगेऱ्याची मादी पिकत आलेल्या शेंगांवर अंडी घालते. घरात आल्यावर पुढच्या पिढीची अंडी दाण्यांवर चिकटलेली दिसतात, टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके. अळी थेट दाण्यात शिरते, आतून पोखरते आणि भुंगेरा गोल भोक पाडून बाहेर येतो. बाहेर आल्यावर तो दाणा खातच नाही, फक्त पुढची पिढी घालतो. उकाड्यात एक पिढी साधारण महिन्याभरात होते, आणि एक मादी कित्येक डझन अंडी घालते. म्हणजे संक्रांतीला पोत्यात चार-दोन असले, तर पावसाळ्यापर्यंत काय होईल ते एक्स्पोनेन्शियल शिकलेल्यांनी स्वतः काढा.

आपल्या आज्यांनी हे गणित न मांडता सोडवलं होतं. तुरीत राख मिसळली की दाण्यांमधल्या फटी बुजतात आणि किड्याला फिरता येत नाही. तेलाचा हात फिरवला की अंडी जगत नाहीत. आणि सगळ्यात भारी उपाय म्हणजे उन्हाळ्यातच जात्यावर डाळ करून टाकायची. भुंगेऱ्याला अख्खा, टरफलाचा दाणा लागतो, डाळीत त्याचं फारसं जमत नाही. लातूरच्या डाळ मिलमध्ये तुरीला तेल लावतात, ऊन देतात, ते टरफल सुटावं म्हणून, पण घरच्या उपायांशी त्याचं नातं लगेच ओळखू येतं. लिंबाच्या पाल्यावर मात्र माझा एवढा भरवसा नाही. राख जास्त इमानदार.

ज्वारीचं प्रमाण मोठं, तिथे राख कुठवर पुरणार? तिथे पेव. काळ्या रानात ते खणत नसत, कारण काळी माती पाणी धरते आणि उन्हाळ्यात भेगाळते. गावठाणातल्या पांढरीत खणायचे, गढीत, वाड्यात, ओसरीखाली. आतून कडबा लावायचा, ज्वारी भरायची, तोंडावर दगड ठेवून माती-शेणानं लिंपून टाकायचं. मग आत काय होतं? दाणे श्वास घेतात, सोंडेही घेतात. ऑक्सिजन संपत जातो, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि कीड स्वतःच्याच श्वासानं मरते. औषध शून्य! कडेची ज्वारी काळवंडायची, भाकरीला वास यायचा, तेवढी किंमत द्यावी लागायची.

दुसरी किंमत जास्त भयंकर होती. तीच हवा माणसालाही मारते. म्हणून पेव उघडलं की हवा खेळू द्यायची, मग कंदील खाली सोडायचा. विझला तर उतरायचं नाही. घाई केलेली माणसं पेवात गेली ती गेलीच.

पेवाचा आणखी एक फायदा होता. वरून सारवलं की खाली काय आहे ते परक्याला कळत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात निजामाच्या राज्यात शेतकऱ्यांकडून सक्तीची लेव्ही घेत होते, तेव्हा डोळ्यांआड राहणाऱ्या ज्वारीची किंमत काय असेल ते वेगळं सांगायला नको.

पुढे सरकारी मोहिमांतून पत्र्याच्या कोठ्या आल्या. १९७२ च्या दुष्काळात साठवायला काही उरलंच नाही. नंतर रेशनचं धान्य आलं, आणि ज्वारीच्या जागी आलेलं सोयाबीन तर सरळ मोंढ्यात जातं. तिकडे सांगलीजवळच्या हरिपुरात मात्र हळदीची पेवं बरीच टिकली, २००५ च्या महापुरानं त्यातली कित्येक निकामी केली.

पेवाच्या जागी घरात आली ती पावडर आणि गोळी. ॲल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी हवेतल्या ओलाव्यानं फॉस्फीन वायू सोडते. त्या वायूवर उतारा नाही. कायद्यानं ती प्रशिक्षित माणसांनी, देखरेखीखाली वापरायची आहे, तरी ती घरातल्या धान्यात पडते, आणि त्याच खोलीत झोपलेली माणसं गेल्याच्या बातम्या अधूनमधून येतातच. मला याचा राग येतो, कारण बिनविषारी उपाय आपल्या पायाखाली होता.

तोच उपाय परत आलाय, पिशवीच्या रूपात. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या लोकांनी आफ्रिकेत कॅमेरूनमध्ये चवळीसाठी हवाबंद पिशवी केली. आत प्लॅस्टिकचे दोन थर, बाहेर विणलेलं पोतं. चवळीचा भुंगेरा आपल्या तुरीच्या भुंगेऱ्याचा भाऊबंदच. २०१२ मध्ये त्यांनीच दाखवलं की किडे नुसते गुदमरून मरत नाहीत. कोरड्या दाण्यातून पाणी तयार करायला त्यांना ऑक्सिजन लागतो. तो नसला की ते अक्षरशः वाळून मरतात.

अशी हवाबंद पिशवी घेतली तर तूर आधी कडक वाळवा, दाताखाली कट्‌ वाजली पाहिजे. ओली भरली तर बुरशी येईल. आतली हवा दाबून काढा, प्रत्येक थराचं तोंड पिळून, दुमडून वेगवेगळं बांधा. आणि निदान दोन महिने उघडू नका. रोजच्या वरणाची तूर आधीच वेगळ्या डब्यात काढून ठेवा, नाहीतर घरातलं कुणीतरी आठव्या दिवशीच गाठ सोडेल.