भय कुणाचं?

भयपटाची जाहिरात म्हटली की रामसे बंधूंची पोस्टरं आठवतात. ‘पुराना मंदिर’ १९८४ चा, ‘वीराना’ १९८८ चा. अक्राळविक्राळ चेहरा, भेदरलेली स्त्री. म्हणजे भय बाहेरचं, आपण निर्दोष!

२०१८ साली राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ आला. आपल्या केळशीच्या दापोलीला लागून खेड तालुका, तिथलं हे गाव, श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’मुळे घरोघरी पोचलेलं. ट्रेलरमध्ये वाडा, पाऊस, अंधार हा ठरलेला सरंजाम होताच. पण त्यात सोन्याच्या मोहराही होत्या. मग भ्यायचं कुणाला? राखणदाराला, की लुटायला निघालेल्या माणसाला?

२०२४ मध्ये पुन्हा लागला, तेव्हा आधीपेक्षा जास्त चालला. भूत विकणं सोपं आहे. प्रेक्षकाला त्याचाच लोभ दाखवून तिकीट विकणं अवघड.