नाका उठला, पण गेला कुठे?

माझा मामा तीस वर्षं ट्रक चालवायचा. इचलकरंजीचं कापड भरायचं आणि मुंबई गाठायची. लहानपणी त्याच्याकडून ऐकलेल्या गोष्टींमध्ये घाट कमी आणि जकात नाका जास्त असायचा. रांगेत उभं राहायचं, कागद दाखवायचे, परत रांगेत उभं राहायचं. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि मुंबईचा जकात नाका बंद झाला, तेव्हा मामा निवृत्तीला आला होता. "माझं आयुष्य गेल्यावर उठवला होय," एवढंच म्हणाला.

हे सगळं आठवलं ते माझ्या व्हिसामुळे. कंपनीच्या कामासाठी अकरा दिवस फ्रँकफर्टला जायचं ठरलं. एवढ्या लांब जातोच आहे, तर पुढे पाच दिवस सुट्टी टाकून एकट्याने फिरावं असं मनात आलं. मग तयारी सुरू झाली. आमंत्रणपत्र, रजा मंजूर असल्याचं पत्र, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, विमा, रोजच्या मुक्कामाचं बुकिंग. वरचे पाच दिवस कामाचे नाहीत आणि त्यांचा खर्च मीच करणार आहे, हे वेगळं लिहून द्यावं लागलं. मामा घरी आला तेव्हा टेबलावर ही चळत पडली होती.

"तिकडं देशादेशांत नाकेच नाहीत म्हणतोस ना?" त्याने विचारलं. "मग एवढे कागद कुणाला दाखवायचे रे?"

प्रश्न साधा होता, पण मला उत्तर देता आलं नाही. रात्री प्राग की पॅरिस हे शोधायला लॅपटॉप उघडला आणि वाचत बसलो शेंगेनचा इतिहास.

त्या इतिहासात पहिल्याच वळणावर भेटले ते ट्रकवाले. १९८४ च्या सुरुवातीला फ्रान्स आणि इटलीच्या सीमेवरच्या कस्टम कर्मचाऱ्यांनी कामाची गती मुद्दाम कमी केली. आल्प्सच्या थंडीत ट्रकच्या रांगा लागल्या. वैतागलेल्या चालकांनी ट्रक आडवे लावून रस्ते अडवले. सीमा मोकळ्या करण्याच्या गप्पा युरोपात बरीच वर्षं चालू होत्या. या कोंडीने त्यांना घाई आणली. त्याच वर्षी जुलैमध्ये जर्मनीचे कोल आणि फ्रान्सचे मित्तराँ यांच्या सरकारांनी जारब्रुकेनला करार केला आणि दोन देशांमधली तपासणी टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरवलं. बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या तीन देशांची आपसात आधीपासूनच अशी व्यवस्था होती. तेही सामील झाले.

१४ जून १९८५ ला या पाच देशांनी सही केली ती मोझेल नदीत उभ्या असलेल्या 'प्रिन्सेस मारी-आस्त्रिद' या प्रवासी बोटीवर. काठावर लक्झेंबर्गचं शेंगेन नावाचं छोटंसं गाव, भोवती द्राक्षमळे. पलीकडे जर्मनी, जरा वर गेलं की फ्रान्स. इथे नदी दोन देशांत अर्धी-अर्धी वाटलेली नाही. १८१६ च्या करारापासून ती दोन्ही काठांच्या सामाईक मालकीची आहे. सीमा पुसण्याच्या करारासाठी याहून चांगली जागा सापडली नसती. सह्या करायला मोठे नेते आलेच नव्हते. दुय्यम दर्जाचे मंत्री आणि सचिव आले. यातून फार काही निघेल असं तेव्हा कुणाला वाटत नसावं.

करारातली पहिली सोय तर अगदीच घरगुती होती. गाडीच्या काचेवर किमान आठ सेंटिमीटरची हिरवी चकती लावायची, वेग कमी करायचा, शिपायाने नुसती नजर टाकायची, की निघालात पुढे.

मामाच्या प्रश्नाचं उत्तर मात्र दुसऱ्या कागदात आहे. १९ जून १९९० ला त्याच पाच देशांनी शेंगेनलाच एक अंमलबजावणी करार केला. आतले नाके काढायचे, तर बाहेरून येणारा माणूस एकदाच आणि नीट तपासला पाहिजे, हे त्याचं सूत्र. म्हणून सगळ्यांचा मिळून एक व्हिसा, बाहेरच्या सीमेवर एकसारखी तपासणी आणि पोलिसांसाठी एक सामाईक डेटाबेस. २६ मार्च १९९५ ला सात देशांत हे प्रत्यक्षात आलं. आज त्यात २९ देश आहेत.

म्हणजे नाका उठला नाही, तो सरकला. मोझेलच्या काठावरून निघाला आणि माझ्यापुरता मुंबईतल्या व्हिसा केंद्राच्या काउंटरवर येऊन बसला. तिथल्या लोकांची मोकळीक आणि माझी कागदांची चळत ही एकाच कराराची दोन पानं आहेत. आधी वाटायचं की नियम एकीकडे आणि अपवाद म्हणून आपण दुसरीकडे. तसं नाही. आपली तपासणी हा त्या रचनेचाच भाग आहे.

ही रचना मला जवळजवळ महागात पडली होती. व्हिसा आला, त्यावर 'पर्यंत'ची तारीख चांगली लांबची होती. परतीचं स्वस्त तिकीट एक दिवस पुढचं मिळत होतं, ते मी काढलं. मग व्हिसावरचा तिसरा आकडा दिसला. राहण्याचे दिवस १६. तारखांच्या मधे कधीही जा, पण आत राहायचं सोळाच दिवस. आणि पोचल्याचा दिवस धरायचा, निघाल्याचाही धरायचा. माझ्या सोळा रात्री होत होत्या, म्हणजे सतरा दिवस. आम्ही प्रोग्रामर ज्याला ऑफ बाय वन एरर म्हणतो आणि नवख्यांना हसतो, तीच चूक. तिकीट बदलायला भुर्दंड पडला. एक जादा दिवस राहिलो असतो, तर पुढच्या प्रत्येक व्हिसाच्या वेळी तो दिवस आडवा आला असता.

आता बेत बदलला आहे. प्राग नाही, पॅरिस नाही. फ्रँकफर्टहून रेल्वेने ट्रिअर, तिथून लक्झेंबर्ग. त्या देशात २०२० पासून बस, ट्राम आणि रेल्वेचा साधा वर्ग सगळ्यांना फुकट आहे, मलासुद्धा, त्यामुळे शेंगेनपर्यंतच्या बसला तिकीट नाही. तिथे पुलावरून चालत पलीकडच्या जर्मन पेर्ल गावात जायचं. तीन देश एका दुपारी पायी. पासपोर्ट मात्र खिशात ठेवणार. सप्टेंबर २०२४ मध्ये जर्मनीने आपल्या सगळ्या जमिनी सीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली. चाळीस वर्षांपूर्वी उचललेला नाका परत मांडायला फार दिवस लागत नाहीत, हे कोविडमध्येही दिसलं होतं.

मामाला काल सगळं सांगितलं. ट्रकवाल्यांनी रस्ता अडवला हा भाग त्याने दोनदा ऐकला. मग म्हणाला, "त्या पुलावर उभा राहून फोन कर. कुणी अडवतंय का बघू."